काठीचं मत, दोन सभागृहं

राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेलं काठी गाव अक्कलकुवा विधानसभा मतदारसंघात येतं. इथले आमश्या पाडवी २०१९ मध्ये विधानसभेला थोडक्यात पडले, २०२२ मध्ये विधान परिषदेवर गेले आणि २०२४ मध्ये विधानसभा जिंकले. माणूस एकच, पण निवडून येण्याच्या पद्धती दोन.

गैरसमज : जितके टक्के मतं, तितके टक्के जागा.
वस्तुस्थिती : विधानसभेच्या २८८ जागांना हा नियम नाही. प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मतं घेणारा निवडून येतो, निम्मी मतं लागत नाहीत. २०२४ मध्ये अक्कलकुव्यात के. सी. पाडवी आणि हिना गावितही रिंगणात होते. मतं विभागली आणि निम्म्याहून कमी मतांवर निकाल लागला.

गैरसमज : राखीव मतदारसंघात फक्त आदिवासींचं मत चालतं.
वस्तुस्थिती : उमेदवार अनुसूचित जमातीचा हवा, मत मात्र सगळ्यांचं. लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते ती राखीव जागांची संख्या (२८८ पैकी २५), पक्षांच्या जागा नव्हेत.

गैरसमज : विधान परिषदेवर सगळे नेमलेलेच असतात.
वस्तुस्थिती : ७८ पैकी राज्यपालनियुक्त १२. तीस जणांना आमदार निवडतात, तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने. मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. २० जून २०२२ रोजी १० जागांसाठी ११ उमेदवार होते आणि २८५ आमदारांनी मतदान केलं. जागांहून एकाने जास्त, म्हणजे ११ ने मतांना भागलं की कोटा निघतो, सुमारे २६. कोट्यावरची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. पाडवी निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले.

गैरसमज : पसंतीक्रम असला की प्रमाण साधतंच.
वस्तुस्थिती : विधान परिषदेच्याच धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात जागा एकच. एका जागेची वाटणी होत नाही. तिथे पसंतीक्रमातून बहुमताचा उमेदवार ठरतो, इतकंच.

गैरसमज : म्हणजे आपली पद्धत स्कॉटलंडसारखी मिश्र आहे.
वस्तुस्थिती : स्कॉटलंडच्या संसदेत ७३ जागा मतदारसंघांच्या आणि ५६ प्रादेशिक याद्यांच्या, एकाच सभागृहात. मतदाराला मतं दोन. यादीच्या जागा वाटताना पक्षाने मतदारसंघांत जिंकलेल्या जागा हिशेबात धरतात, त्यामुळे मतं आणि जागा यांतली तफावत कमी होते. आपल्याकडे प्रमाण मोजतात ते आमदारांच्या मतांचं. काठीतल्या ज्या मतदाराचा उमेदवार पडला, त्याचं मत विधानसभेच्या निकालातच संपतं. परिषदेच्या कोट्यापर्यंत ते पोहोचत नाही.