मोहफुलांचा लाडू: आदिलाबादच्या रानातला गोड खाऊ

गोव्यात काजूचे बोंडू पिकू लागले की हुर्राकाचा हंगाम सुरू होतो. त्याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोहाच्या झाडांखाली पहाटे फुलांचा सडा पडतो. तेलुगू भाषक त्यांना ‘इप्पपुव्वु’ म्हणतात. बोंडूप्रमाणेच या फुलाचेही नाव दारूशी जोडले गेले आहे. प्रत्यक्षात गोंड समाजासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या अन्न आहे.

हे अन्न नव्या रूपात पुढे आणण्याचे काम उटनूर येथील भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाने केले. संघाच्या महिलांनी तयार केलेले मोहाचे लाडू आश्रमशाळांतील विद्यार्थिनींच्या खाऊत आले. मुलींमधील रक्तक्षय आणि कुपोषण ही या भागाची जुनी चिंता असल्याने या खाऊचे मोल केवळ चवीपुरते नाही. पंतप्रधानांनी ३० मार्च २०२५ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये आदिलाबादमधील मोहाच्या पदार्थांचा उल्लेख केला. त्याच भाषणात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात भाजल्या जाणाऱ्या मोहाच्या बिस्किटांचाही उल्लेख होता.

एकच फूल दारूही देते आणि लाडूही, याचे उत्तर पाण्यात आहे. ताज्या फुलाच्या मांसल पाकळ्यांत साखर आणि पाणी दोन्ही भरपूर असतात. ओली फुले ढिगात राहिली की लवकर आंबतात. कडक उन्हात वाळवली की पाणी जाते, साखर उरते आणि फूल मनुकेसारखे तपकिरी व टिकाऊ होते. म्हणूनच लाडूसाठी गूळ थोडाच लागतो.

घरी हा लाडू करण्यास भट्टी लागत नाही. दोन वाट्या वाळलेली मोहफुले निवडून आतले केसर काढावेत. फुले झटपट धुऊन पुन्हा कडकडीत वाळवावीत आणि मंद आचेवर, करपू न देता, कुरकुरीत भाजावीत. एक वाटी शेंगदाणे व अर्धी वाटी तीळ वेगवेगळे भाजून घ्यावेत. शेंगदाण्यांची साले काढावीत. सारे थंड झाल्यावर जाडसर कुटावे, त्यात पाव वाटी किसलेला गूळ मिसळावा आणि पुन्हा एकदा कुटावे. दाणे व तिळाचे तेल सुटून मिश्रण आपोआप आळते. मग लहान लाडू वळावेत. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते काही दिवस चांगले राहतात.

तीळ, शेंगदाणे आणि गूळ यांमुळे लाडू पौष्टिक होतो. मात्र तो रक्तक्षयावरचे औषध नव्हे. पालेभाज्या, कडधान्ये आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांची जागा तो घेऊ शकत नाही. मोहफुलाला दारूच्या भांड्याबाहेर, मुलांच्या डब्यात आणि पाहुण्यांच्या ताटात मानाचे स्थान मिळाले, तर पहाटे ती वेचणाऱ्या हातांनाही रास्त मोल मिळण्याची वाट खुली होते.