कानाला वीज लागते तरी किती?

घरातला नऊ वॅटचा एलईडी बल्ब जेवढी वीज खातो, तेवढी इअरफोनना वाटायची ठरवली तर किती कानांना पुरेल? कानात घालायच्या एखाद्या इअरफोनची संवेदनशीलता मिलिवॅटला 105 डेसिबल धरा. ही अगदी सर्रास आढळणारी पातळी आहे. निवांत ऐकायच्या 75 डेसिबलच्या आवाजाला त्याला लागतो एक मायक्रोवॅट, वॅटचा दहा लाखावा भाग. त्या एका बल्बवर 90 लाख कान गाणं ऐकतील!

ही करामत इअरफोनची कमी आणि कानाची जास्त. अगदी जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला कानाचा पडदा किती हलतो? हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी. त्या पुसट आवाजापासून कान दुखवणाऱ्या आवाजापर्यंत ऊर्जेत साधारण एक लाख कोटी पटींचा फरक पडतो, आणि तेवढा सगळा पल्ला एकच कान सांभाळतो. डेसिबलची मोजणी गुणाकाराने चालते ती यामुळेच: दहा डेसिबल वाढवायचे तर वीज दहापट लागते, आणि आपल्याला मात्र आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

आता खिशात मोजके पैसे आहेत, हेडफोन हौसेने घेतलाय आणि कोणीतरी सांगितलंय, ‘याला अ‍ॅम्प लागतोच.’ आवाजाला बळ देणारा हा अ‍ॅम्प्लिफायर खरंच लागतो का? हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे बघा, एक ओहमचा आणि दुसरा संवेदनशीलतेचा. पुष्कळ जण नुसते ओहम बघून घाबरतात. खरं तर जास्त ओहमच्या हेडफोनमध्ये बारीक तारेचे जास्त वेढे असतात. त्याला व्होल्टेज जास्त हवं असतं, पण करंट थोडाच पुरतो.

बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो घ्या. 250 ओहम, मिलिवॅटला 96 डेसिबल. ‘फोनवर वाजणारच नाही’ अशी ज्यांची ख्याती, त्यांतलाच एक. त्याला एक व्होल्ट दिला की चार मिलिवॅट मिळतात. चौपट वीज म्हणजे सहा डेसिबलची भर, 96 अधिक 6, झाले 102. आता तुमचं नेहमीचं ऐकणं सरासरी 80 डेसिबलवर असेल आणि तबल्याची एखादी थाप त्याहून वीस डेसिबल वर उसळली, तरी ती शंभरात बसते. एक व्होल्ट पुरला की!

आणि हा एक व्होल्ट मिळतो कुठे? अ‍ॅपलच्या त्या पांढऱ्या, बोटभर यूएसबी-सी डोंगलमध्ये, हजार रुपयांच्या आसपास. यूएसबीच्या टोकातच एवढीशी चिप बसवलेली असते. ती आकड्यांचं संगीत विजेच्या लाटेत बदलते आणि अ‍ॅम्पचं कामही उरकते. तिचा स्वतःचा अंतर्गत रोधही फार थोडा, सुमारे एक ओहम. याचं महत्त्व पुढे येईलच. दोन गोष्टी मात्र सांभाळा. युरोपात विकला जाणारा हाच डोंगल तिथल्या नियमांपायी अर्ध्या व्होल्टवर अडवलेला असतो, तेव्हा परदेशातल्या भावाकडून मागवत असाल तर तो कुठे राहतो ते आधी पाहा. दुसरं, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज दबका येतो. त्यात डोंगल बिघडलेला नसतो. फोन त्याच्या आतलं व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. विकत घ्यायच्या आधी मित्राचा मागून आपल्या फोनला लावून बघणं उत्तम.

ख्यालाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांना मात्र थोडी जास्त गुंजाइश ठेवावी. आजची सिनेमाची गाणी मुळातच वरच्या पातळीवर दाबून बसवलेली असतात. ख्यालात तंबोऱ्याची जवारी आणि सुरुवातीची आलापी हळू, आणि तान येते ती कितीतरी वर. आलापी नीट ऐकू यावी म्हणून आपण व्हॉल्यूम चढवतो, आणि अ‍ॅम्प तोकडा असला तर तान फाटते. ‘हेडफोन फाटतोय’ अशी तक्रार इथूनच सुरू होते.

खरोखरच ताकद मागणारे हेडफोनही आहेत. हायफायमनचा एचई-6 फक्त 50 ओहमचा, पण संवेदनशीलता 83.5 डेसिबल. त्याला 110 डेसिबलपर्यंत न्यायचं तर साडेचारशे मिलिवॅटच्या आसपास वीज हवी, पावणेपाच व्होल्टच्या घरात. इथे डोंगल हात टेकतो. ओहम कमी आणि भूक मोठी, म्हणून एकट्या ओहमवर जाऊ नये. आणखी एक मेख: काही कंपन्या संवेदनशीलता मिलिवॅटला सांगतात, काही व्होल्टला. सेनहायझरच्या एचडी 650 वरचे 103 डेसिबल व्होल्टचे आहेत. 300 ओहमला मिलिवॅटच्या हिशेबात ते 98 च्या आसपास येतात.

अंतर्गत रोधाचं असं आहे की काही इअरफोनमध्ये आवाज काढणारे छोटे छोटे तीन-चार ड्रायव्हर असतात, आणि त्यांचे ओहम सुरासुराला बदलतात. अ‍ॅम्पचा रोध मोठा असला तर काही सूर दबतात, काही पुढे येतात आणि गाण्याचा रंगच पालटतो. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा अ‍ॅम्पचा रोध कमी असावा, हा सोपा नियम. स्वस्तातला ‘दमदार’ अ‍ॅम्प नाजूक इअरफोनला लावला की गाणं सुरू होण्याआधीच ‘स्स्स’ ऐकू येतं. ती त्या दमाचीच किंमत.

घरी अ‍ॅम्प बनवण्याच्या छंदाचा इतिहासही मजेदार आहे. चू मॉय यांनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक साधा अ‍ॅम्प आखला, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो आल्टॉइड्स या पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला. ‘सी-मॉय’ या नावाने तो अजून बनतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास त्याचे बहुतेक सुटे भाग मिळतील. फक्त मुख्य चिप म्हणून नकली ऑप-अ‍ॅम्प गळ्यात मारून घेऊ नका. सोल्डरिंग शिकायला यासारखं दुसरं काही नाही, पण निव्वळ आवाजासाठी आज तो बनवू नये. डोंगल मोजमापात त्याच्या पुढे आहे. 2011 साली ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाच्या माणसाने ‘ओ2’ नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. महागडे अ‍ॅम्प कान सांगतात म्हणून नव्हे, तर मीटर सांगतो म्हणून पारखावेत, हा त्याचा हेका. 2012 मध्ये तो लिहायचा थांबला तो थांबलाच, आणि त्याचं खरं नाव आजही उघड झालेलं नाही.

ब्लूटूथ हेडफोन वापरणाऱ्यांनी तर पाकीट बंदच ठेवावं, कारण त्यांचा अ‍ॅम्प हेडफोनच्याच पोटात असतो. बाकीच्यांनी दोन अ‍ॅम्पची तुलना करताना आवाज आधी बरोबरीला आणावा. एखादा डेसिबल जास्त असला तरी कानाला तोच ‘भारी’ वाटतो, आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

उरलेले पैसे हेडफोनवर घाला. आणि अ‍ॅम्प कुठलाही घेतलात तरी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तीच राहते: 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तास, 90 वर फक्त चार.