निळूभाऊंची ती सात वर्षं

१३ जुलै आला की निळू फुल्यांचे फोटो फोनवर फिरू लागतात. २००९ साली याच दिवशी ते गेले. फोटोखाली श्रद्धांजलीच्या दोन ओळी असतात आणि बहुतेक वेळा सोबत वाड्यावर बोलावण्याचं ते एक वाक्य. त्यांचे जेवढे चित्रपट मी पाहिले, त्यांत ते वाक्य मला कुठे सापडलेलं नाही. तरी त्यांच्या नावापुढे आता तेच चिकटलंय. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एका मुलानं घोगरा आवाज काढून, मान तिरकी करून, समोरच्या मुलींकडे बघत ते म्हटलं आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. कार्यक्रमानंतर मी त्याला विचारलं, त्यांचा कुठला सिनेमा पाहिलास? त्यानं एकही पाहिला नव्हता. मुलाला मी बोल लावत नाही. ज्यांनी त्याच्या हाती निळूभाऊ एवढेच ठेवले, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

पुण्यातलं बालपण, राष्ट्र सेवा दल, ए.एफ.एम.सी.च्या बागेतली माळ्याची नोकरी, सेवा दलाचं कलापथक, 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग, मग राम नगरकरांच्या जोडीनं 'कथा अकलेच्या कांद्याची', आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा. ही वाटचाल त्यांच्यावरच्या प्रत्येक लेखात असते, ती पुन्हा सांगत बसत नाही. एकच गोष्ट त्यातली महत्त्वाची. निळूभाऊ नट व्हायच्या आधी कार्यकर्ते होते. गावातला सत्ताधारी माणूस कसा बसतो, कसा बोलतो, कुणाला किती वेळ उभं ठेवतो, हे त्यांनी सभांमधून आणि दौऱ्यांमधून पाहिलेलं होतं.

मला सांगायचंय ते १९७२ ते ७९ या काळाबद्दल, कारण तो मी जगलो आहे. बहात्तरचा दुष्काळ आमच्या गावानं मिलो खाऊन काढला. बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, शाळेत आम्हाला सुकडी मिळत होती. आणि त्याच सुमारास आमच्या भागात नवी माणसं मोठी होत होती. १९५० साली प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्यामागे शेतकऱ्यांचा घाम होता आणि धनंजयराव गाडगिळांसारख्यांची बुद्धी होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. पुढच्या दहा वर्षांत कित्येक तालुक्यांत कारखाना, बँक, खरेदी-विक्री संघ, शिक्षणसंस्था आणि झेडपी अशा सगळ्या किल्ल्या एकाच घरात जाऊन पडल्या. त्या घरानं पाणीही आणलं, शाळाही काढली, नोकऱ्याही लावल्या. म्हणूनच त्याच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. ऊस तुटायचा तोही त्यांच्या मर्जीनं. ज्याच्यावर मर्जी नाही त्याचा ऊस उभा वाळायचा, आणि तो माणूस चावडीवर यायचा बंद व्हायचा.

हे आम्हाला दिसत होतं, पण कुणी म्हणत नव्हतं. ते निळूभाऊंनी पडद्यावर करून दाखवलं.

जत्रेत तंबू टॉकीज यायचं. बायका एका अंगाला, बापे एका अंगाला, मध्ये दोरी. पुढे चार खुर्च्या, त्या सरपंच आणि सोसायटीच्या चेअरमनसाठी. बाकी गाव मातीत पोतं अंथरून. पडद्यावर निळूभाऊ आले की बायकांच्या बाजूनं शिव्यांची लाखोली सुरू व्हायची. 'मुडद्या, तुझं वाटोळं होईल!' माझी चुलती तर बोटं मोडायची. पुढे मोठेपणी लक्षात आलं, त्या शिव्या नुसत्या निळूभाऊंना नव्हत्या. चार खुर्च्यांवर पाठमोऱ्या बसलेल्यांना ज्या कधी देता आल्या नसत्या, त्या त्या रात्री अंधारात मोकळेपणानं देता येत होत्या.

'सामना' मी तालुक्याच्या टॉकीजला पाहिला. रामदास फुटाण्यांची निर्मिती, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिलाच चित्रपट. तो १९७५च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला होता, पण आम्हाला बर्लिनचं काही नव्हतं. बाल्कनीत पुढच्या रांगेत आमच्या कारखान्याचे एक संचालक सहकुटुंब बसले होते. पडद्यावर निळूभाऊंचे हिंदुराव धोंडे पाटील श्रीराम लागूंच्या दारुड्या मास्तरांना आपला पसारा कौतुकानं दाखवत होते. खालच्या रांगेतल्या एकानं मान वळवून वर पाहिलं. मग दुसऱ्यानं पाहिलं. थोड्या वेळात स्टॉलमधली निम्मी माणसं कधी पडद्याकडे, कधी बाल्कनीकडे बघत होती. कुणी काही बोललं नाही, शिट्टी नाही की टाळी नाही. मध्यंतरात ते कुटुंब उठून गेलं ते परत आलं नाही.

हिंदुराव आजही पुन्हा पाहावा. त्यात कुठे डोळे वटारणं नाही, आरडाओरडा नाही. लागूंचे मास्तर, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारत राहतात, आणि निळूभाऊंचा आवाज उलट खाली खाली जातो. ते आदरातिथ्य करतात, अगत्यानं बोलतात, आणि त्या अगत्यात खोट नसते. हिंदुरावला मास्तर खरोखर आवडतात. इथेच निळूभाऊंची ताकद आहे. दुसऱ्या कुणा नटानं तो पाटील राक्षस करून टाकला असता. यांनी तो आपल्या ओळखीचा माणूस ठेवला: कर्तबगार, लाघवी, गावासाठी खपणारा, आणि वाटेत आलेला एक माणूस नाहीसा झाला तरी ज्याचा हिशेब चुकत नाही असा. राक्षसाला शिव्या देऊन प्रेक्षक मोकळा होतो. या माणसानं मात्र घरी जाताना आमची सोबत सोडली नाही.

त्याआधी १९७२ साली निळूभाऊंनी 'सखाराम बाइंडर' हे नाटक केलं होतं. लेखक तेंडुलकरच, दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपाच्या भूमिकेत लालन सारंग. सेन्सॉरनं अडवलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि सारंग ते लढले आणि जिंकले. त्या झगड्याची हकिकत सारंगांनीच 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहून ठेवली आहे. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा प्रेक्षकांत तेव्हा नाक मुरडणारे पुष्कळ होते. तमाशातला नट मुख्य रंगभूमीवर कसा, असं छापील नाही तरी बोलण्यात असायचंच. ब्राह्मणाच्या घरात जन्मून घर झुगारलेला, शिवराळ, नवऱ्यानं टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा आणि त्याबद्दल बेधडक बोलणारा सखाराम त्यांनी असा उभा केला की पुढे ज्यानं ज्यानं ती भूमिका केली त्याची तुलना त्यांच्याशी झाली. नाक मुरडणाऱ्यांपैकी काही जण नंतर त्यांच्या सत्कारांना अध्यक्ष म्हणून बसले. तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या मताची आठवण काढायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

आणि १९७९चं 'सिंहासन'. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून पुन्हा तेंडुलकरांनीच पटकथा लिहिली. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री. हिंदुराव ज्यानं केला तो निळू फुले इथे मंत्री नाही, पाटील नाही. तो पत्रकार दिगू टिपणीस आहे. सत्तेच्या खोलीत त्याला प्रवेश आहे, सगळं कळतं आणि हातात काही नाही. शेवटी त्याचं ते वेडसर हसू! आणीबाणी येऊन गेली होती, जनता पक्षाची आशाही विरली होती. ते हसू आमच्या पिढीच्या पोटातून आलेलं होतं. सात वर्षांत सखाराम, हिंदुराव आणि दिगू. मराठी नटाच्या वाट्याला अशी सलग सात वर्षं फार क्वचित आली असतील.

नंतरचं मी भराभर सांगतो, कारण ते बघताना मला त्रासच झाला. ऐंशीच्या दशकात मराठी सिनेमा शहरी विनोदाकडे वळला. मला त्या विनोदाचं वावडं नाही. पण गावाचा सिनेमा ज्यांच्या हाती उरला, त्यांनी निळूभाऊंकडून हिंदुरावाची फक्त टोपी आणि नजर घेतली. कारखाना गेला, बँक गेली, मारुती कांबळे गेला. उरला तो बाईकडे बघणारा पाटील. चित्रपटामागून चित्रपट तेच. राजकारण काढून टाकलं की खलनायक सोयीचा होतो; त्याला पाहून बाल्कनीतलं कुणी उठून जात नाही. वाड्यावरच्या त्या वाक्याची पेरणी इथे झाली. निर्मात्यांना हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. हिंदीत 'कुली', 'मशाल' झाले. 'सारांश'मध्ये गजानन चित्रे हा पुढारी मात्र त्यांनी जुन्या धारेनं केला आणि वाटलं, भट्टी अजून विझलेली नाही. काम दिलं तर हा माणूस करतो!

आज त्यांच्या नावावर जो लंपट पाटील खपवला जातो, त्याच्या अगदी उलट त्यांचं आयुष्य होतं. पडद्यावरचा पैसा आणि नाव त्यांनी चळवळीकडे वळवलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते राहिले. लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. त्या निधीच्या व्याजातून चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. पडद्यावर 'सामना'त एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघे रंगमंचावर एकत्र येऊन कार्यकर्त्यांच्या चुलीची सोय करत होते. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकात त्यांनी स्वातंत्र्यलढ्यातला वृद्ध गांधीवादी केला. मुलाच्या सत्तेपुढे उभा राहणारा तो बाप करताना त्यांना वेगळा अभ्यास करावा लागला नसेल. शेवटच्या दिवसांत, २००९ साली, 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' आला, तोही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा.

चित्रपट निदान शोधून बघता तरी येतात. नाटकाचं तसं नाही, ते बघणाऱ्यांच्या आठवणीतच उरतं. १९७२नंतर 'बाइंडर'चे आणि पुढे 'सूर्यास्त'चे प्रयोग ज्यांनी पाहिले, ते आज सत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी ते लिहून ठेवावं. निळूभाऊ मृदंग घेऊन कसे बसायचे, कुठल्या वाक्याला थांबायचे, चंपा घरात आल्यावर आवाज कसा बदलायचा, समोरचा प्रेक्षक केव्हा गप्प व्हायचा आणि केव्हा अस्वस्थ होऊन खुर्चीत हलायचा, जे आठवेल ते. चार ओळी असल्या तरी चालतील. त्या स्नेहसंमेलनातल्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, त्याला मी त्या पाठवीन.