वंशावळीबाहेरचे मूल

आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी शाखावार माहिती जमवण्याचे काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. जुन्या आवृत्तीत आजोबांची चार अपत्ये छापली आहेत. पाचवे मला ठाऊक होते. नोकरीच्या गावी आजोबांचे एका बाईंशी संबंध होते. त्या वारल्यावर त्यांची नऊ वर्षांची मुलगी आजीने स्वतः जाऊन घरी आणली. ती आमची माईआत्या. तिचे नाव घालायचे म्हणताच धाकटे काका म्हणाले, "झाकलेलं झाकलेलंच राहू दे." घराने जिला वाढवले तिला कागदावर जागा का नसावी, या प्रश्नाने मी जुने दाखले पाहू लागलो.

पहिला दाखला भाषेतच सापडतो. तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर सोने कमअस्सल. त्यावरून विवाहाबाहेरच्या संततीला 'अक्करमासा' म्हणत. बटकीच्या पोटी झालेला तो 'लेकावळा'. दोन्ही शब्दांत दोष मुलाच्या माथी आहे. बापासाठी असा वजनाचा शब्द मला आढळला नाही.

दुसरा दाखला पेशव्यांच्या घरातला. १७३४ साली पहिल्या बाजीरावांना दोन मुलगे झाले : काशीबाईंच्या पोटी रघुनाथराव आणि मस्तानीच्या पोटी समशेर बहादुर. बाजीरावांच्या लेखी मस्तानी पत्नी असेल. घराने आणि पुण्याच्या ब्रह्मवृंदाने तिला ते स्थान दिले नाही. १७४०च्या आरंभी रघुनाथरावांची मुंज थाटात झाली. समशेरचीही मुंज व्हावी अशी बाजीरावांची इच्छा होती, पण ती ब्रह्मवृंदाने होऊ दिली नाही, असे परंपरा सांगते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले, पाठोपाठ मस्तानीही गेली. उरला सहा वर्षांचा पोर. त्याला काशीबाईंनी सांभाळले, असे सांगितले जाते. पुढे तो पेशव्यांचा सरदार झाला, भावांच्या बरोबरीने मोहिमांवर गेला आणि १७६१ साली पानिपतावर जखमी होऊन सुरजमल जाटाच्या मुलखात मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहादुर याने बुंदेलखंडात राज्य उभारले. बांद्याचे नवाब ते हेच.

या घराने मुलाला काय दिले आणि काय दिले नाही, ते पाहण्याजोगे आहे. अन्न, शिक्षण, तलवार, सरदारकी दिली. मुंज दिली नाही, पंगत दिली नाही. म्हणजे कर्तबगारीच्या जागी तो घरचा आणि कुळाचाराच्या जागी परका.

या वाटणीला शास्त्राचा आधार होता. मिताक्षरेप्रमाणे शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या इच्छेने वाटा मिळे, आणि बापामागे भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा असे सांगितले होते. त्रैवर्णिकांच्या दासीपुत्राला मात्र बापाची इच्छा असूनही वाटा नव्हता. नीट वागला तर पोटगी. ज्या घरांत सोवळे अधिक, त्या घरांत अशा मुलाचा हक्क कमी, असा त्याचा सरळ अर्थ.

आजचा कायदाही अर्ध्या वाटेवर आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम १६ रद्दबातल ठरलेल्या विवाहाच्या मुलांना औरस मानते. अशा मुलांना आईबापांच्या वाट्याला येणाऱ्या वडिलोपार्जित हिश्शातही वारसा आहे, पण जन्माने सहदायकी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी स्पष्ट केले. जिथे विवाह असा झालाच नाही, तिथल्या मुलाचे नाते १९५६चा वारसा कायदा फक्त आईशी धरतो. बापाकडून सज्ञान होईपर्यंत पोटगी. पुढचे त्याच्या मृत्युपत्रावर.

माईआत्याचे असेच झाले. तिला आजीने शाळेत घातले, शिवण शिकवले. लग्न लावून दिले, पण दारात मांडव घातला नाही; देवळात चुलत आजोबांनी कन्यादान केले. घरातल्या प्रत्येक कार्यात ती पहाटेपासून स्वयंपाकघरात असे. कार्याच्या एकाही फोटोत ती नाही. आजी मात्र दर भाऊबीजेला काकांना तिच्याकडे पाठवी, आणि काका जात. त्यांची शेवटची ओवाळणी माईआत्या गेली त्या वर्षीची.

गेल्या वर्षी तिच्या मुलाला मी फोन केला. जमिनीतला वाटा कुणी मागितलेला नाही, हे त्यानेच आधी सांगितले. मग म्हणाला, "दादा, नाव घालणार असाल तर पुढे कंसात काही लिहू नका."

मी तो निरोप काकांना सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तक्ता मागून घेतला, चष्मा लावला आणि माझ्या पेन्सिलीच्या नोंदीवर बोट ठेवले. मी माईआत्याचे नाव सर्वांत शेवटी लिहिले होते.

"चुकलंस," ते म्हणाले. "ती माझ्याहून मोठी. वयाच्या क्रमाने लिही."