हादऱ्यांचे औषध

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला मावशीकडे गेलो होतो. बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी शिवणयंत्र असे, तिथे मोठ्या वजनकाट्यासारखी दिसणारी एक जाडजूड फळी मांडलेली होती. पुढे धरायला दांडा, दांड्यावर बटणे. मावशीने चपला काढून फळीवर पाय ठेवले, बटण दाबले आणि तिचे गाल, दंड, खांद्यावरचा पदर सारेच थरथरू लागले. "हाडं घट्ट होतात म्हणे यानं," थरथरत्या आवाजातच ती म्हणाली. आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून तिचे मनगट मोडले होते आणि हाडे ठिसूळ झाली आहेत, असे तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितले होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीत काका बसले होते. तीस वर्षे त्यांनी कोल्हापूर-मुंबई ट्रक चालवला. आज कमरेला पट्टा बांधल्याशिवाय त्यांना तासभरही बसवत नाही. मावशीकडे पाहत ते म्हणाले, "ही ट्रीटमेंट मालकानं मला तीस वर्षं फुकट दिली. वर पगारही दिला!"

आम्ही सगळे हसलो. परतीच्या गाडीत मात्र त्यांचे वाक्य मनातून जाईना. एकाच घरात हादऱ्यांनी एकाची कंबर मोडली आणि दुसरीची हाडे हादऱ्यांनीच सांधायची? यातले खरे काय?

थरथर अंगावर घेऊन बरे होण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को हे मज्जाविकारांचे जगन्मान्य डॉक्टर होते. कंपवाताला 'पार्किन्सनचा आजार' हे नाव रूढ केले ते त्यांनीच. या आजाराचे काही रुग्ण त्यांना सांगत, की आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला, की नंतर कितीतरी वेळ अंग हलके वाटते. दुसरा एखादा डॉक्टर हे हसण्यावारी नेता. शार्कोंनी प्रवासाचे हादरे देणारी खुर्चीच बनवून घेतली आणि १८९२ साली तिच्यावर व्याख्यान दिले. रुग्णांना बरे वाटते, झोप लागते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी तर डोक्याला कंप देणारे शिरस्त्राण तयार केले. पण पुढच्याच वर्षी शार्को वारले आणि खुर्चीची कसून परीक्षा व्हायची राहून गेली.

ती परीक्षा व्हायला सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला. शिकागोच्या रश विद्यापीठातील डॉक्टरांनी पार्किन्सनच्या २३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची खुर्ची थरथरत होती, दुसऱ्याची स्थिर होती. रोज अर्धा तास बसणे मात्र दोन्ही गटांना सारखेच. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शार्को म्हणाले होते तसेच घडले. थरथरत्या खुर्चीतले रुग्ण सुधारले. गंमत अशी, की स्थिर खुर्चीतले रुग्णही जवळपास तितकेच सुधारले! मग गुण कशाचा? आपल्यासाठी कोणीतरी काही करते आहे या विश्वासाचा, रोजच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याचा? तो गुण खोटा नव्हे; पण तो थरथरीचा म्हणता येत नाही.

म्हणून थरथरीचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असे नाही. स्नायूला किंवा त्याच्या कंडरेला वेगाने कंप दिला, तर तो आपोआप आकुंचन पावतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिली होती. फळीवर उभे राहिले, की पायांचे स्नायू न सांगता काम करू लागतात ते यामुळेच. फारसा व्यायाम न झेपणाऱ्या वृद्धांच्या पायांतली ताकद आणि तोल यांनी थोडेफार सुधारतात, असे काही प्रयोगांत दिसलेही आहे. पण साध्या, नेमाने केलेल्या व्यायामाला मागे टाकील असा हा लाभ नाही.

हाडांची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. २००१ साली अमेरिकेतील क्लिंटन रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवरचा एक प्रयोग 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. मेंढ्यांच्या मागच्या पायांना वर्षभर, आठवड्यातून पाच दिवस, रोज २० मिनिटे अगदी सौम्य कंपने दिली. वेग सेकंदाला ३०, जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली! अशा निष्कर्षातून बाजाराला केवढी उभारी मिळते, हे वेगळे सांगायला नको. पण माणूस म्हणजे मेंढी नव्हे. टोरांटोत मासिक पाळी थांबलेल्या २०२ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. २०११ साली निकाल आला: हाडांच्या घनतेत फरक नाही. अमेरिकेत १७४ वृद्धांवर सुमारे दोन वर्षे अशाच सौम्य कंपनांचा प्रयोग झाला. २०१५ चा तो निकालही तोच: फरक नाही. शिवाय बाजारातल्या अनेक फळ्यांचा जोर या प्रयोगांतल्या जोराच्या कितीतरी पट असतो. म्हणजे प्रयोगाचा हवाला एका गोष्टीचा आणि विक्री दुसऱ्याच गोष्टीची.

आता काकांकडे वळू. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देतो. म्हणजे तेवढ्या वेगाचे हादरे अंगात मुरतात, वाढतात. ट्रक, ट्रॅक्टर आणि डंपर यांच्या आसनातून नेमके याच्या आसपासचे हादरे येतात, तेही दिवसाचे आठ-दहा तास, वर्षानुवर्षे. पाठीच्या दुखण्याशी त्यांचा संबंध इतका स्पष्ट आहे, की युरोपीय संघाने २००२ साली कामगारांच्या अंगावर येणाऱ्या कंपनांना कायद्याने मर्यादा घातली. फळीची कंपने बहुधा सेकंदाला २० ते ५० आणि मोजक्या मिनिटांची असतात. म्हणून काकांचा ट्रक आणि मावशीची फळी एक नव्हेत. पण काकांच्या विनोदात एक सत्य आहे: हादरा मुळात औषधही नव्हे आणि विषही नव्हे. वेग किती, जोर किती, वेळ किती आणि अंग कोणाचे, यावर सारे ठरते. गरोदर स्त्रिया, हृदयात पेसमेकर असलेले, पायात रक्ताची गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले किंवा हाड मोडलेले रुग्ण यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फळीवर पायच ठेवू नये.

मला खरी चिंता वाटली ती मात्र निराळ्याच गोष्टीची. मावशी पूर्वी रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारत असे. दोन शेजारणी सोबत, येताना भाजीची पिशवी. फळी आल्यापासून ती फेरी बंद झाली. "घरातच होतंय की सगळं," असे ती म्हणाली. घसरून पडण्याची भीती तिच्या बोलण्यात होतीच. पण हाडांना लागते ते स्वतःचे वजन पेलत चालणे, पायऱ्या चढणे, अंगावर येणारे ऊन, आहारातले कॅल्शियम आणि डॉक्टरांनी दिलेले औषध. न्हाणीघरात खडबडीत फरशी आणि भिंतीला धरायला दांडी बसवली, तर पुढचे हाड मोडणे टळण्याचा संभव फळीपेक्षा अधिक.

हे सारे मी तिला फोनवर सांगितले. शार्कोंच्या खुर्चीची हकिगतही सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नुसतं बसूनही त्यांना बरं वाटलं?" मी म्हणालो, हो. "मग मला रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसूनही वाटेल की," ती म्हणाली. "पण तिथवर चालत जावं लागेल."

न्हाणीघरात दांडी बसली आहे. फळी अजून बाहेरच्या खोलीतच आहे. काका तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतात.