बाळ सांगायला कधी लागतं?

बेळगावच्या शहापूर-वडगावातलं घर असो नाहीतर निपाणीतलं, बाळाचा पहिला वाढदिवस झाला की एक चौकशी सुरू होते: “अजून सांगत नाही व्हय?” सांगायचं म्हणजे शी-शू लागल्याचं सांगायचं. विचारणारी बहुतेक वेळा आजी असते, नाहीतर शेजारची मावशी. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “आमची पोरं वर्षाच्या आत सांगत होती की!” एकीकडे डायपरचा खर्च आणि दुसरीकडे हा टोमणा, यांच्यात आई सापडते. या विषयावर घरोघरी जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं काही खरं आहे, काही अर्धवट खरं, आणि एक-दोन गोष्टी चक्क धोक्याच्या आहेत.

“आमच्या वेळी वर्षाच्या आत सगळं व्हायचं”

आजी खोटं बोलत नाही. पाय लांब करून बसायचं, दोन्ही पावलांच्या मध्ये बाळाला टेकवायचं, पाठीला हात द्यायचा आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. बाळ दूध प्यायलं की थोड्या वेळात त्याच्या आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून दूध पाजून झाल्यावर पायावर घेतलं की बरेचदा शी होतेच. आजीला शरीरशास्त्र माहीत नसेल, वेळ मात्र बरोबर माहीत होती. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो समाजातही हीच तऱ्हा. तिथल्या आया पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला असं बसवू लागतात आणि पाच-सहा महिन्यांची बाळं बरीचशी कोरडी राहतात, असं डिव्हरीस दांपत्याने १९७७ साली बालरोगशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात लिहिलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांना तो लेख नवलाचा वाटला. आपल्या आज्यांना वाटला नसता.

पण इथे शिकलेलं असतं ते मोठं माणूस. बाळ कधी कुंथतं, कधी चेहरा लाल करतं, झोपेतून उठल्यावर किती वेळात शू करतं, हे आजीने टिपलेलं असतं. बाळही ‘शूऽऽ’च्या इशाऱ्याला सरावतं. लागलंय हे स्वतः ओळखणं, मोरीपर्यंत पोचेतो धरून ठेवणं, चड्डी खाली करणं आणि मग मोकळं होणं ही साखळी वेगळी आहे, आणि ती वर्षाच्या बाळाला झेपत नाही. मलमूत्राच्या वाटेवरचे स्नायू स्वतःच्या इच्छेने आवळायचे-सोडायचे, तर मेंदूपासून तिथपर्यंतच्या नसा तयार व्हाव्या लागतात. ती तयारी साधारण दीड वर्षानंतर दिसू लागते. बोस्टनजवळचे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांचा अनुभव मांडला होता. ती मुलं दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. आजीचं वर्ष आणि ब्रेझल्टनचे अठ्ठावीस महिने यांत भांडण नाही. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत.

म्हणून घरात दिवसभर बाळामागे असणारं माणूस असेल, तर पायावर बसवायला काहीच हरकत नाही. लंगोट कमी भिजतात. तसं माणूस नसेल, तर आईने मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

“दीड वर्ष झालं, आता बसवायलाच हवं”

कॅलेंडरवर ही तारीख सापडत नाही. दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान कधीतरी खुणा दिसू लागतात. बरीचशी मुलं तिसऱ्या वर्षाच्या आसपास दिवसा सावरतात, काहींना आणखी सहा-आठ महिने लागतात. मुली सरासरी थोड्या आधी शिकतात, पण तो फरक काही महिन्यांचा. त्यावरून भावा-बहिणीची तुलना करण्यात अर्थ नाही.

पहिली खूण म्हणजे मूल सलग दोन तास कोरडं राहतं, किंवा दुपारच्या झोपेतून कोरडं उठतं. मूत्राशयात लघवी साठू लागल्याचा हा पुरावा. वयात दोन मिळवून तीसने गुणलं की मूत्राशयाची क्षमता मिलिलिटरमध्ये अंदाजे मिळते, असं डॉक्टर लोक मोजतात. त्या हिशेबाने दोन वर्षांच्या मुलाची १२० मिलिलिटर होते. दुसरी खूण फार बोलकी आहे आणि नेमकी तिच्यावरच घरात ओरडा होतो. मूल शी करायला कपाटामागे, दाराआड, पडद्यात जाऊन उभं राहतं. “बघ, कळतं सगळं, पण सांगत नाही!” असं म्हणून रागवायच्या ऐवजी आनंद मानावा. आत काहीतरी होणार आहे हे त्याला आधीच कळलंय आणि आडोसा शोधावा हेही सुचलंय. उरलं फक्त आडोशाचा पत्ता बदलणं. याखेरीज ओली चड्डी नकोशी होणं, ती स्वतः ओढायचा खटाटोप करणं, ‘बूट आण आणि बाबांना दे’ अशी दोन पायऱ्यांची सूचना पाळणं, मोठ्यांच्या मागे मोरीत डोकावणं, हे सगळं तयारीत मोडतं. सगळ्या खुणा एकदम दिसाव्यात अशी वाट पाहत बसू नये. दोन-तीन दिसल्या की सुरुवात करून बघावी. आठ-दहा दिवसांत काही जमत नसेल, तर शी-शूचं भांडं बाजूला ठेवावं आणि महिन्याभराने पुन्हा काढावं.

घाई केली तर? २००३ साली अमेरिकेतल्या ब्लम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सव्वादोन वर्षांच्या आधी जोर लावून शिकवल्याचा फारसा फायदा दिसला नाही. शिकण्याचा काळ तेवढा लांबला. एका दिवसात शिकवण्याचा दावा करणारं ॲझ्रिन आणि फॉक्स यांचं पुस्तक १९७४ पासून जगभर खपतंय. बालवाडीच्या प्रवेशासाठी ‘मूल सांगणारं हवं’ अशी अट ऐकून आलेल्या पालकांना तसलं काहीतरी हवंच असतं. पण प्रवेशाची तारीख ही शाळेची सोय आहे, मुलाच्या नसांना ती माहीत नसते.

सीमाभागात आणखी एक शंका हमखास निघते: घरात मराठी, शेजारी कन्नड, मग मूल गोंधळून सांगायला उशीर करतंय का? तसं होत नाही. शब्दच यायला हवा असंही नाही. हात ओढणं, चड्डीला हात लावणं हेही सांगणंच. एवढं मात्र करावं की घरात जो शब्द चालतो तो अंगणवाडीतल्या ताईंना कळवावा. ‘शू’ म्हणणाऱ्या पोराकडे ‘उच्चे’ ऐकायची सवय असलेल्या बाईंचं लक्ष गेलं नाही आणि चड्डी ओली झाली, तर तो दोष पोराचा नव्हे.

तयारी घराचीही लागते, हे मात्र कोणी बोलत नाही. निपाणी भागात घरी बिड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं आणि मजुरी हजार बिड्यांवर ठरते. मुलाने सांगितलं की सूप खाली ठेवायचं, त्याला न्यायचं, धुवायचं, हात धुवायचे आणि परत बसायचं. दिवसात सहा वेळा असं उठणं म्हणजे मजुरीत खोट. बिडी कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती, पण ती कारखान्याच्या जागेसाठी. घरी वळणारीला तिचा उपयोग नव्हता. अशा घरात मूल अडीच वर्षांपर्यंत लंगोटात राहिलं, तर त्याला आळस म्हणू नये. सासू, नणंद, मोठी मुलगी यांच्यापैकी कोणीतरी पंधरा दिवस मोकळं असेल असा काळ शोधावा. तंबाखूच्या हाताने मुलाला धुवू नये, हेही जाता जाता. आधी साबणाने हात धुवावेत, आणि नंतरही.

“डायपरने मूल आळशी होतं, पाय फाकतात”

पाय फाकत नाहीत. चालायला लागलेल्या मुलाचे पाय दोन वर्षांपर्यंत जरा धनुष्यासारखे असतातच, डायपर लावा अगर लावू नका. आळसाच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. आताचे डायपर ओल इतकी शोषतात की भिजल्याचं मुलाला कळतच नाही, आणि कळलं नाही तर खटकणार कसं? म्हणून शिकवायच्या दिवसांत घरी असताना साधी सुती चड्डी घालावी आणि प्रवासाला डायपर ठेवावा. बेळगावात जून ते सप्टेंबर हा प्रयोग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ-आठ दिवस ऊन नाही, दांडीवरच्या चड्ड्यांना कुबट वास, आणि ओल्या फरशीवर घसरणारं पोर. दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात सुरुवात केली तर आईची चिडचिड निम्मी होते. चिडलेली आई आणि बसवलेलं मूल, ही जोडी कुठेच पोचत नाही.

भांड्याबद्दल एवढंच की महागडं लागत नाही. मोठ्यांचं भारतीय भांडं लहान पायांना रुंद पडतं आणि पडायची भीती वाटते. कमोडवर पाय लोंबकळतात. पायाला आधार नसला तर जोर लागत नाही. जमिनीवरचं छोटं भांडं किंवा कमोडपुढे एक पाट, काम भागतं.

“शी धरून ठेवतो, हट्टी आहे नुसता”

हट्ट नसतो, भीती असते. एकदा कडक शी झाली, दुखलं, की मूल पुढच्या वेळी धरतं. चवड्यांवर उभं राहतं, पायाला पाय घट्ट आवळतं, अंग ताठ करतं. घरच्यांना वाटतं जोर लावतोय. प्रत्यक्षात ते थांबवत असतं. धरलेली शी आणखी कडक होते आणि पुढची आणखी दुखते. काही वेळा साठलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपते. मग जुलाब समजून उलटंच औषध सुरू होतं.

या मुलाला आधी मऊ शी हवी, शिक्षण नंतर. दिवसभर बाटलीने दूध पिणारी मुलं यात फार सापडतात. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालं. बाकीच्या पोटात भाजी, डाळ, फळं आणि पाणी जाऊ दे. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात, आणि ते काही महिने घ्यावं लागलं तरी सवय जडेल म्हणून मध्येच तोडू नये. साबणाची कांडी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ सरकवायची पद्धत अजून आहे. ती बंद करा. साबणाने आतली नाजूक त्वचा भाजते, देठाने ओरखडे पडतात. आणि ज्या जागेची मुलाला आधीच भीती बसलीय, तिथेच आपण आणखी दुखवतो.

“दूधपित्या पोराची शी, तिला कसला विटाळ!”

यातली माया कळते, पण खरी धोक्याची समजूत हीच. घरात संडास आहे, मोठी माणसं तिथेच जातात, आणि मुलाची शी मात्र कागदात गुंडाळून उकिरड्यावर, गटारात, परसातल्या झाडाखाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात लहान मुलांची शी सुरक्षितपणे टाकली जाण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपासच होतं. २०१४ नंतर संडास बांधले गेले, पण पोराच्या शीला तिथली वाट कोणी दाखवली नाही.

मोठ्यांपेक्षा लहान मुलांना जुलाबाचे आजार जास्त होतात, म्हणून रोगजंतूही त्यांच्या शीत जास्त असण्याचा संभव. रोटाविषाणू, कावीळ अ, जंतांची अंडी, सगळं त्याच वाटेने बाहेर पडतं आणि अंगणात रांगणाऱ्या शेजारच्या बाळाच्या तोंडात जातं. तेव्हा भांड्यातली शी संडासात ओतायची, भांडं धुतलेलं पाणीही तिथेच, आणि मग आपले व मुलाचे हात साबणाने धुवायचे. लंगोटाची शी आधी संडासात झटकावी, मगच धुणं. नदीकाठी किंवा सार्वजनिक नळावर ते लंगोट नेऊ नयेत. डायपरमधली शीही संडासात टाकून तो कागदात गुंडाळावा आणि घंटागाडीत वेगळा द्यावा. न गुंडाळलेला डायपर कोणाच्या तरी हातातून जातोच.

“मोठं झालं तरी रात्री गादी ओली करतं”

दिवसाचं आणि रात्रीचं गणित वेगळं आहे. रात्री लघवी कमी तयार व्हावी यासाठी शरीरात एक संप्रेरक वाढावं लागतं, आणि मूत्राशय भरल्यावर जाग यावी लागते. यातलं काहीच शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या शंभरांतली पंधराएक मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, मुलगे जास्त. आई किंवा वडील लहानपणी असेच असतील तर शक्यता बरीच वाढते. त्यामुळे पोराला पाहुण्यांसमोर लाजवणाऱ्या बाबांनी आधी आपल्या आईला विचारून घ्यावं. उपाशी ठेवणं, थंड पाण्याने अंघोळ घालणं, चटका द्यायची धमकी, यातल्या कशानेही गादी कोरडी राहत नाही. मूल मात्र झोपायला घाबरू लागतं. पाच वर्षांच्या आत यावर औषधाची गरज नसते.

डॉक्टरकडे जायची कारणं वेगळी आहेत. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं. लघवी करताना रडतं, किंवा ती सतत थेंबथेंब गळते. मुलग्याची धार बारीक आहे, जोर लावावा लागतो. खूप तहान, खूप लघवी आणि वजन उतरतंय. शीत रक्त दिसतं. चालण्यात फरक वाटतो. किंवा चार वर्षं होत आली तरी दिवसाही काहीच खुणा नाहीत. वजन उतरण्यासोबत तहान असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण लहान मुलांचा मधुमेह बरेचदा असाच पहिल्यांदा दिसतो. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय इथे बालरोग विभाग आहेत. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूरचं सीपीआर जवळ पडतं. जाताना मुलाच्या तीन-चार दिवसांच्या शी-शूच्या वेळा वहीत टिपून न्याव्यात, म्हणजे डॉक्टरांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.