धरून ठेवणारा आणि वेळेवर सोडणारा वाहक

हिंजवडीच्या जैवतंत्रज्ञान उद्यानातील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने तयार केलेल्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या कोविडवरील लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि ती संदेशवाहक आरएनएवर आधारलेली, भारतात विकसित झालेली पहिली लस ठरली. विषाणूच्या प्रथिनाची कृती सांगणारा आरएनए हा लसीचा मुख्य घटक असल्यामुळे चर्चा बहुतेक त्याचीच झाली. पण तो पेशीत कोणी नेऊन पोहोचवायचा, हा प्रश्न तितकाच अवघड आहे, आणि या क्षेत्रातील बरेचसे उपाय आजवर अडले आहेत ते तिथेच.

जनुकद्रव्य डीएनए असो वा आरएनए, त्याच्या कण्यातील फॉस्फेट गटांमुळे तो ऋणप्रभारित असतो. पेशीच्या पटलाचा बाहेरचा पृष्ठभागही ऋणप्रभारितच असल्याने दोघे एकमेकांना दूर लोटतात. त्यातही आरएनए रक्तात उघडा सोडला, तर तेथील विकरे काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात. यावर विषाणूंनाच वाहक करण्याचा मार्ग आहे, पण शरीर त्यांना ओळखून प्रतिकार करते आणि त्यांत मावणाऱ्या जनुकाच्या लांबीलाही मर्यादा असते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ पॉलिमरकडे, म्हणजे लहान रेणू साखळीसारखे जोडून बनणाऱ्या बहुवारिकांकडे वळले. साखळीवर धनप्रभारित अमाइन गट बसवले की ती जनुकद्रव्याला आपोआप चिकटते आणि दोघांचा मिळून साधारण १०० नॅनोमीटरचा गोळा होतो. हा गोळा पेशी स्वतःच पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत ओढून घेते.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. एंडोसोम नावाची ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि आतील माल पचवून टाकणाऱ्या विकरांच्या हवाली करते. त्याआधी जनुकद्रव्य बाहेर निसटले नाही, तर सारा खटाटोप वाया जातो. स्निग्धकणांतून नेलेल्या लहान आरएनएचा माग काढणाऱ्या २०१३ च्या एका अभ्यासात पिशवीतून निसटणारा वाटा अवघा एक ते दोन टक्के आढळला होता. पॉलिइथिलिनइमिन, अर्थात पीईआय, या पॉलिमरची जनुकवाहक म्हणून ओळख फ्रान्समधील संशोधकांनी १९९५ मध्ये करून दिली, तेव्हा त्यामागे एक साधी कल्पना होती: त्याचे अमाइन गट पिशवीतील आम्ल शोषत राहतात, त्यामुळे आत क्षार व पाणी शिरत जाते आणि ताण असह्य होऊन पिशवी फुटते. हे स्पष्टीकरण आजही सर्वांना मान्य नाही, मात्र पीईआय काम करतो याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्या विषारीपणाचा, कारण ज्या धनप्रभारामुळे तो जनुकाला धरतो त्याच प्रभारामुळे पेशीची पटलेही फाडतो, आणि साखळी लांब केली की परिणाम व विषारीपणा हातात हात घालून वाढतात.

पुढची वाट दोन दिशांनी निघाली. एमआयटीतील लिन आणि लँगर यांनी २००० साली साखळीत एस्टर बंध घालून, पाण्यात आपोआप तुटत जाणारा पॉलिमर मांडला आणि त्याच गटाने २००३ मध्ये अशा २,३५० निरनिराळ्या पॉलिमरांचा संच तपासला. मिनेसोटा विद्यापीठातील थेरेसा राइनेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये साखळीतच क्विनीन गुंफले, म्हणजे हिवतापावर आजोबांच्या पिढीने नाक मुरडत घेतलेले ते कडू कोयनेल. क्विनीनचा रेणू डीएनएशी लगट करतो आणि स्वतः प्रकाशही देतो; त्यामुळे जनुक कुठे पोहोचले आणि कधी सुटले हे पाहता आले, आणि गाठोडे उलगडण्यात पेशीतील प्रथिनांचा हात असल्याचे दिसून आले. केवळ घट्ट धरणारा वाहक हा चांगला वाहक नव्हे, हे या प्रयोगातून उघड झाले.

हिंजवडीतील लसीची जडणघडणही याच मुद्द्याभोवती झाली, जरी तिचा वाहक पॉलिमरचा नव्हता. २०२० मध्ये या प्रकल्पासाठी सिॲटलच्या एचडीटी बायो या कंपनीचा वाहक निवडण्यात आला. त्यात स्क्वालीन या तेलाचे सूक्ष्म थेंब, लोह ऑक्साइडचे कण आणि धनप्रभारित स्निग्ध पदार्थ असतात. इतर लसींप्रमाणे आरएनए आत कोंडण्याऐवजी तो थेंबाच्या पृष्ठभागावर चिकटवला, तर पेशीत गेल्यावर तो लवकर सुटतो, असा त्यामागचा हिशेब होता. दुसरा प्रश्न साठवणुकीचा होता. फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ६० अंशांखालील शीतपेटी लागत होती. जेनोव्हाची लस मात्र २ ते ८ अंशांत, म्हणजे तालुक्याच्या आरोग्य केंद्रातील नेहमीच्या फ्रीजमध्ये टिकावी, हे उद्दिष्ट होते. जून २०२३ मध्ये परवानगी मिळालेली ‘जेमकोव्हॅक-ओएम’ ही ओमायक्रॉनवरील लस तर शुष्क भुकटीच्या रूपात आली आणि सुईविना, त्वचेच्या थरात देता येऊ लागली.

पॉलिमर मात्र औषध म्हणून अजून मागेच आहेत. त्याचे एक कारण रसायनाइतकेच कारखानदारीचे आहे: एकाच घाण्यातील साखळ्याही सारख्या लांबीच्या नसतात, आणि प्रत्येक घाण्यात तीच लांबी, तोच गुण मिळेल याची खात्री औषध नियंत्रकांना हवी असते. गंमत अशी, की जनुकोपचारासाठी लागणारे विषाणू-वाहक कारखान्यात तयार करताना पेशींमध्ये डीएनए घालण्याचे काम पीईआयकडूनच सर्रास करून घेतले जाते. म्हणजे रुग्णाच्या शरीराबाहेर तो केव्हाच रुळला आहे.

नव्या विषाणूसाठी आरएनएचा क्रम बदलणे आता आठवड्यांचे काम झाले आहे, वाहक घडवायला मात्र वर्षे लागतात. आणि जेनोव्हाच्या प्रकल्पाची सुरुवात तरी परदेशी वाहकावरच झाली होती. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे, पॉलिमर हा तिचा जुना आणि नावाजलेला विषय आहे, आणि तेथून हिंजवडी काही किलोमीटरवर आहे. स्वतःचा जनुकवाहक घडवण्यासाठी याहून सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल, आणि पुढचा सरकारी निधी लसीइतकाच वाहकावरही खर्च व्हायला हवा.